मुस्लिम दृष्टीने आधुनिक इतिहास आणि सामाजिक शास्त्रे : अभ्यास कसा करावा?



आजचा पाठ एका प्रश्नावर आहे. "मुस्लिम दृष्टीने इतिहास शिकायचा" म्हणजे नेमकं काय करायचं? हा विषय निघाला की वर्गात दोन प्रकारची मुलं गप्प होतात. मुस्लिम घरातल्या मुलांना वाटतं, आता आपल्याकडे सगळे बघणार. बाकीच्यांना वाटतं, काही विचारलं तर कुणाला लागेल. दोघंही गप्प बसली की उरतं काय, तर मोबाईलवर आलेला मजकूर. मग इतिहास तिथूनच शिकला जातो. म्हणून हा पाठ सगळ्यांसाठी आहे.

पाठाची उद्दिष्टे :
१) "दृष्टी" आणि "बाजू" यांतला फरक समजून घेणे.
२) कोणतीही माहिती पुराव्यावर तपासून घेण्याची सवय लावणे.
३) महाराष्ट्रातल्या खऱ्या उदाहरणांवरून मुस्लिम समाजाचा इतिहास आणि आजची स्थिती अभ्यासणे.

१. दृष्टी म्हणजे बाजू नव्हे

गावात नदीला पूर आला असं समजा. काठावरचा शेतकरी, पलीकडच्या शाळेत अडकलेली मुलं आणि पंचनाम्याला आलेले तलाठी, तिघंही एकच पूर सांगतील, पण तिघांच्या सांगण्यात वेगवेगळ्या गोष्टी येतील. शेतकरी वाहून गेलेल्या बांधाचं बोलेल, मुलं रात्रीच्या भीतीचं बोलतील, तलाठी आकडे देतील. याला म्हणतात दृष्टी. पूर आलाच नव्हता असं कुणी म्हणालं, तर ती दृष्टी राहत नाही, ते खोटं होतं.

इतिहासातही तसंच आहे. मुस्लिम दृष्टीने अभ्यास करणं म्हणजे प्रत्येक मुस्लिम राजाची तरफदारी करणं नाही. एखादी घटना घडली तेव्हा तिथल्या मुस्लिम माणसांचं काय झालं, त्यांनी काय केलं, त्यांच्यात मतभेद होते का, हे प्रश्न विचारायचे. आणि त्याबरोबर एक प्रश्न कायम विचारायचा : कोणते मुसलमान? कोकणातले की मराठवाड्यातले? जहागीरदार की विणकर? पुरुष की बाई? हा एक प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या सगळ्या पाठात तो लागणार आहे.

जगभरात या विषयावर दोन प्रवाह दिसतात. पहिला प्रवाह म्हणतो की सामाजिक शास्त्रांची मांडणीच इस्लामी मूल्यांवर नव्याने करावी. अमेरिकेत शिकवणारे पॅलेस्टिनी विचारवंत इस्माईल राजी अल-फारुकी यांनी १९८० च्या दशकात हा विचार मांडला. दुसरा प्रवाह म्हणतो की अभ्यासाची पद्धत सगळ्यांची एकच असू द्या, फक्त राहून गेलेले प्रश्न विचारा. महाराष्ट्रात औरंगाबादचे प्रा. मोईन शाकिर, सोलापूरचे प्रा. फकरुद्दीन बेन्नूर, मुंबईचे असगर अली इंजिनिअर यांनी साधारण या दुसऱ्या वाटेने काम केलं. आपला पाठही याच वाटेने जातो, कारण परीक्षेत आणि आयुष्यात आपल्याला शेजाऱ्याला पटेल असा पुरावा द्यावा लागतो.

२. बातमी कशी तपासायची : इब्न खल्दून

पद्धत सगळ्यांची असली तरी ती फक्त युरोपातून आली असं समजू नका. इब्न खल्दून हा विद्वान १३३२ मध्ये ट्युनिसला जन्मला आणि १४०६ मध्ये कैरोत वारला. त्याने १३७७ मध्ये "मुकद्दिमा" हा ग्रंथ लिहिला. समाजशास्त्राच्या सुरुवातीच्या ग्रंथांत त्याचं नाव आदराने घेतात.

इब्न खल्दून म्हणतो की बातमी सांगणारा माणूस प्रामाणिक आहे एवढं पुरत नाही. सांगितलेली गोष्ट समाजात घडू शकते का, हे आधी बघावं. त्याचं उदाहरण फार चांगलं आहे. हजरत मूसांच्या सैन्यात सहा लाख सैनिक होते, असं जुने इतिहासकार लिहीत आले होते. इब्न खल्दून विचारतो, एवढं सैन्य उभं करायला जागा किती लागेल? एका टोकाला काय चाललंय ते दुसऱ्या टोकाला कसं कळेल? चार पिढ्यांत लोकसंख्या एवढी वाढते का? बघा, गोष्ट त्याच्या स्वतःच्या धर्माला आदरणीय असलेल्या पैगंबराची आहे, तरी आकडा त्याने तपासला. श्रद्धा कमी केली नाही आणि हिशेबही सोडला नाही.

हा आकडा देणाऱ्यांत त्याने अल-मसूदीचं नाव घेतलं आहे. हा अल-मसूदी आपल्या कोकणात येऊन गेलेला प्रवासी. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास, तो सैमूरला, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या चौलला आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात आणि त्यांचे तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला आहे, असं त्याने लिहिलं. चौल तेव्हा राष्ट्रकूटांच्या राज्यात होतं. आता धडा काय, तर मसूदीने ऐकीव लिहिलं तिथे शंका घ्या आणि डोळ्यांनी पाहून लिहिलं तिथे जास्त वजन द्या. एकाच लेखकाच्या दोन वाक्यांना वेगवेगळं वजन असू शकतं.

३. इतिहासाचे तीन तुकडे कुणी केले?

जेम्स मिल या स्कॉटिश लेखकाने १८१७ मध्ये ब्रिटिश भारताचा इतिहास छापला. तो कधी भारतात आला नव्हता. त्याने आपल्या इतिहासाचे तीन भाग पाडले : हिंदू काळ, मुस्लिम काळ आणि ब्रिटिश काळ. गंमत बघा, पहिल्या दोन काळांना धर्माचं नाव दिलं, पण तिसऱ्याला "ख्रिस्ती काळ" म्हटलं नाही. स्वतःचं राज्य ते कायद्याचं राज्य आणि आधीची राज्यं ती धर्माची, असं त्यातून सुचवलं. पुढे शंभर-दीडशे वर्षं शाळेची पुस्तकं याच साच्यात निघाली, आणि या साच्यातून दोन समज पक्के झाले. पहिला, मुसलमान भारतात तलवारीबरोबरच आले. दुसरा, राजा मुसलमान म्हणजे सगळी मुस्लिम प्रजा राज्यकर्ती.

हे दोन्ही समज तपासायला आपल्याला पालघर जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. डहाणू तालुक्यात चिंचणी गाव आहे. तिथे जुने ताम्रपट सापडले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला हा संस्कृत लेख. संजाण भागाचा कारभार त्या वेळी मधुमती नावाच्या ताजिक अधिकाऱ्याकडे होता असं त्यात म्हटलं आहे. ताजिक म्हणजे अरब. मधुमती हे मुहम्मद या नावाचं संस्कृत रूप असल्याचं अभ्यासक मानतात. या अधिकाऱ्याने लोकांसाठी फुकट नाव चालू केली, अन्नछत्र सुरू केलं, आणि देवीच्या मठिकेला जमीन द्यायला मदत केली. संजाण आज गुजरातेत, आपल्या सीमेला लागून आहे.

विचार करा. दहाव्या शतकात हिंदू राजाच्या नोकरीत मुस्लिम अधिकारी, त्याचं नाव संस्कृतात आणि दान देवीच्या मठाला. मिलच्या तीन खणांपैकी कुठल्या खणात हे बसवाल?

पण सावध राहा. या एका ताम्रपटावरून "त्या काळी सगळं गोडीगुलाबीचं होतं" असंही म्हणता येत नाही. ताम्रपट दानाची नोंद करतो, भांडणाची करत नाही. व्यापारी बंदरावर परदेशी माणसाला मान देणं राजाच्या फायद्याचं होतं. पुरावा जेवढं सांगतो तेवढंच घ्यायचं.

४. पुरावा थोडा असेल तेव्हा : फातिमा शेख

आता आधुनिक काळात येऊ. सावित्रीबाईंबरोबर काम करणाऱ्या फातिमा शेख यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जानेवारी २०२५ मध्ये समाजमाध्यमांवर वाद पेटला. हे पात्रच काल्पनिक आहे असं एका बाजूने म्हटलं गेलं. दुसऱ्या बाजूने त्यांची जन्मतारीख, शिक्षण, संवाद असं बरंच काही फिरत होतं.

अभ्यासकाने इथे काय करावं? हातात काय आहे ते मांडावं. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी माहेरून, नायगावहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. आजारपणामुळे त्या तिकडे होत्या. त्यात त्यांनी फातिमाला कामाचा त्रास पडत असेल अशी काळजी व्यक्त केली आहे. म्हणजे शाळेचा भार वाहणारी फातिमा नावाची सहकारी होती, एवढं या पत्रावरून म्हणता येतं. ९ जानेवारी ही जन्मतारीख मात्र या पत्रातून निघत नाही.

मुस्लिम मुलींना फातिमाबाईंचा अभिमान वाटणं अगदी साहजिक आहे. पण अभिमानापोटी पुराव्यापेक्षा जास्त सांगितलं, की समोरचा तेवढंच पकडतो आणि खरं असलेलंही पुसून टाकतो. एका पत्रातली एक ओळ खरी असेल, तर ती दहा काल्पनिक पानांपेक्षा मजबूत असते.

५. स्वातंत्र्यलढा : नावं कुठे गेली?

"छोडो भारत" ही घोषणा गांधीजींच्या तोंडून देशभर गेली, पण ती सुचवली युसूफ मेहेरअली यांनी. १९२८ मधली "सायमन परत जा" ही घोषणाही त्यांचीच. १९४२ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. समाजवादी कार्यकर्ते, मुस्लिम घरातले, आणि तुरुंगवासाने तब्येत खालावून १९५० मध्ये वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी गेले.

सोलापूरचं उदाहरण आणखी बोलकं आहे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापुरात गिरणी कामगार आणि सामान्य माणसं रस्त्यावर उतरली. काही दिवस शहरावर इंग्रजांचा ताबा उरला नव्हता. मग सरकारने मार्शल लॉ पुकारला. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला फाशी दिलं : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन तरुण पत्रकार होते, "गझनफर" नावाचं पत्र चालवत आणि कामगारांत काम करत.

या चौघांची नावं एकत्र वाचा. लिंगायत, मारवाडी, मराठा आणि मुस्लिम. कुर्बान हुसेन "मुस्लिम असूनही" लढले असं वाक्य कधी लिहू नका. ते कामगारांच्या शहरातले पत्रकार होते आणि त्या शहराच्या लढ्यात होते. "असूनही" हा एक शब्द माणसाला आधी आरोपी करतो आणि मग निर्दोष सोडतो.

६. अवघड धडा : मराठवाडा, १९४८

आता पाठातला सर्वांत कठीण भाग. इथे घाई करू नका.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण हैदराबाद संस्थान, म्हणजे आपला मराठवाडाही, निजाम मीर उस्मान अली खान यांच्याकडे राहिला. प्रजा बहुसंख्येने हिंदू, राजा मुस्लिम. कासीम रझवी हा लातूरला वकिली करणारा माणूस. तो मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनचा अध्यक्ष झाला आणि त्याच्या रझाकार दलाने गावागावांत खून, लूट, अत्याचार केले. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोक लढले. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय सैन्याने कारवाई केली, तिला "पोलीस अ‍ॅक्शन" म्हणतात. निजाम शरण आला. १७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन पाळतो. एवढं सगळं पुस्तकात असतं आणि ते खरं आहे.

आता आपला प्रश्न विचारा : कोणते मुसलमान?

पहिले, रझाकार. त्यांचे गुन्हे लपवण्याचं कारण नाही.

दुसरे, निजामशाहीला विरोध करणारे. "इमरोज" या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबउल्ला खान यांनी संस्थान भारतात विलीन व्हावं असं उघड लिहिलं. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रात्री घरी जाताना रझाकारांनी त्यांचा खून केला. उर्दूचे मोठे कवी मख्दूम मोहिउद्दीन कम्युनिस्ट होते, निजाम आणि जमीनदारांविरुद्धच्या लढ्यात होते. रझाकारांनी मुसलमानांनाही मारलं, हे वाक्य पुस्तकात ठळक हवं.

तिसरे, गावातले साधे मुसलमान : विणकर, शेतमजूर, छोटे दुकानदार, पोलीस शिपाई. यांच्यातल्या बहुतेकांना ना जहागीर होती ना सत्ता. पोलीस अ‍ॅक्शनच्या दरम्यान आणि नंतरच्या दिवसांत सूड यांच्यावर उगवला गेला. तक्रारी दिल्लीपर्यंत गेल्यावर नेहरू सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार यांची समिती पाठवली. १९४८ च्या अखेरीस समितीने अनेक गावं फिरून अहवाल दिला. सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मेली असावीत असा अंदाज त्यात होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत जास्त भाजले होते. हा अहवाल अनेक दशकं सरकारने छापला नाही.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे, ती विसरू नका. अनेक ठिकाणी हिंदूंनी मुस्लिम शेजाऱ्यांना वाचवलं. हिंदू विणकरांनी मुस्लिम विणकरांसाठी जीव धोक्यात घातला. एकाच धंद्यातली माणसं एकमेकांसाठी उभी राहिली.

तर १७ सप्टेंबरला एका घरात झेंडा लावताना डोळे भरून येतात, कारण आजोबा रझाकारांशी लढले. दुसऱ्या घरात त्याच दिवशी आजी गप्प असते, कारण तिचे वडील त्या आठवड्यात घरी परत आले नाहीत. वर्गात दोन्ही घरची मुलं शेजारी बसतात. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत. पहिली सांगितली म्हणून दुसरी खोटी ठरत नाही आणि दुसरी सांगितली म्हणून रझाकार निर्दोष होत नाहीत. शिक्षकांनी हा धडा शिकवताना दोन्ही सांगाव्यात. अर्धा इतिहास शिकलेलं मूल उरलेला अर्धा रागाने शोधतं, आणि रागाने शोधणाऱ्याला तो विकत देणारे बाहेर पुष्कळ आहेत.

७. आकडे वाचायला शिका

इतिहासाकडून सामाजिक शास्त्रांकडे वळू. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लिम लोकसंख्या सुमारे १ कोटी ३० लाख, म्हणजे साडेअकरा टक्के. २००५ मध्ये केंद्र सरकारने न्या. राजिंदर सच्चर यांची समिती नेमली, तिचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. त्यात २००१ च्या जनगणनेवरून देशातल्या मुस्लिमांची साक्षरता ५९.१ टक्के दिली आहे, देशाची सरासरी सुमारे ६५ टक्के. पण महाराष्ट्रात त्याच जनगणनेत मुस्लिमांची साक्षरता ७८.१ टक्के होती, राज्याच्या सरासरीपेक्षा किंचित जास्त!

मग इथले मुस्लिम मागास नाहीत असं म्हणायचं का? थांबा. महाराष्ट्रातले सुमारे ७० टक्के मुस्लिम शहरांत राहतात आणि शहरात साक्षरता मुळातच जास्त असते. म्हणजे तुलना शहरी मुस्लिमांची शहरी इतरांशी करायला हवी. शिवाय साक्षर म्हणजे पदवीधर नव्हे. देशात वीस वर्षांवरच्या माणसांत पदवी किंवा पदविका असणारे सुमारे ७ टक्के होते, मुस्लिमांत चारपेक्षा कमी. मुलं शाळेत येतात पण मधेच कामाला लागतात, हे त्यातून दिसतं. एकच आकडा पुढे करून कुणी भाषण केलं, की दुसरा आकडा मागायचा.

आणि पुन्हा तोच प्रश्न : कोणते मुसलमान? इस्लाममध्ये जात नाही, हे धर्माच्या शिकवणीबद्दल बरोबर आहे. समाजात मात्र बागवान, आतार, तांबोळी, मोमीन, पिंजारी, मण्यार, शिकलगार, खाटीक आहेत. मुलाणा तर गावगाड्यातल्या बलुतेदारांच्या याद्यांतही येतो. यांच्यात रोटी असते, बेटी पुष्कळदा नसते. समाजशास्त्रज्ञ इम्तियाज अहमद यांनी १९७३ मध्ये मुस्लिमांतल्या जातींवर अभ्यासग्रंथ संपादित केला. महाराष्ट्रात जालन्याचे शब्बीर अन्सारी आणि इतरांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली. अभिनेते दिलीपकुमार सभांना आले. १९९४ मध्ये राज्य शासनाने मुस्लिम ओबीसींना सवलती देणारा निर्णय काढला. या चळवळीने "मुसलमान" या एका शब्दाच्या आतली कष्टकरी माणसं दाखवली.

बाईचा प्रश्नही असाच आतून आला. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला. मागणी तोंडी तलाकबंदीची होती. २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. दलवाईंची मतं सगळ्या मुस्लिम अभ्यासकांना पटली नाहीत. बेन्नूर किंवा असगर अली यांची वाट वेगळी होती. हेही शिका : एका समाजात एकच मत नसतं, तिथे वाद असतो आणि वाद असणं हे जिवंतपणाचं लक्षण आहे.

८. शेजारचं उदाहरण : भिवंडी

आपल्या चांदीपहून पूर्वेला वज्रेश्वरीच्या रस्त्याने गेलं की भिवंडी तालुका लागतो. भिवंडी यंत्रमागांचं गाव. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन अन्सारी विणकर इथे पिढ्यान् पिढ्या आहेत. मे १९७० मध्ये इथे मोठी दंगल झाली, १९८४ मध्ये पुन्हा झाली. मग डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. असं का झालं?

सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी १९८८ च्या सुमारास भिवंडीत होते. त्यांनी मोहल्ला कमिट्या तयार केल्या. प्रत्येक वस्तीत दोन्ही समाजांची माणसं, बैठका ठरलेल्या, नळाचं भांडण असो की वर्गणीचं, तिथेच बोलायचं. अफवा उठली तर खरं काय ते विचारायला ओळखीचा माणूस होता. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनीही भिवंडीची दखल घेतली आहे. त्यांचं म्हणणं असं की रोजच्या कामात आणि संघटनांत माणसं एकत्र असली तर दंगल पेटणं अवघड जातं.

इथे धर्म बदलला नाही, इतिहास बदलला नाही, लोकही तेच होते. बदलली ती बोलण्याची व्यवस्था. सामाजिक शास्त्राचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर भिवंडीचं उत्तर द्या.

थोडक्यात

• दृष्टी म्हणजे प्रश्न विचारण्याची जागा. पुराव्याचा नियम सगळ्यांना सारखाच.
• "मुसलमान" हा शब्द आला की कोणते, कुठले, काय करणारे, हे विचारा.
• आपल्या माणसाचं चांगलं सांगताना पुराव्यापेक्षा जास्त सांगू नका, वाईट सांगताना पुराव्यापेक्षा कमी सांगू नका.
• एकाच दिवसाच्या दोन आठवणी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

स्वाध्याय

१) जेम्स मिलने पाडलेले इतिहासाचे तीन भाग सांगा. चिंचणीचा ताम्रपट त्यात का बसत नाही ते पाच-सहा वाक्यांत लिहा.

२) "कुर्बान हुसेन मुस्लिम असूनही स्वातंत्र्यासाठी लढले." या वाक्यात काय चुकलं आहे? वाक्य सुधारून लिहा.

३) पोलीस अ‍ॅक्शनच्या काळातल्या मराठवाड्यातले मुस्लिमांचे तीन गट कोणते? प्रत्येकाविषयी दोन वाक्ये लिहा.

४) १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये वसई तालुक्याची माहिती आहे. आपला भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. गॅझेटिअरमधला लोकसंख्येचा भाग शिक्षकांच्या मदतीने वाचा. लिहिणारा इंग्रज अधिकारी आहे हे लक्षात ठेवून त्याने कोणत्या मुस्लिम समाजांची नावं दिली ती नोंदवा. आज त्यातली कोणती ऐकू येतात?

५) गटकार्य : वेगवेगळ्या समाजाच्या दोघांनी जोडी करा. एकमेकांच्या घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला तीन प्रश्न विचारा : तुमचे आजोबा कोणता धंदा करायचे? घरात कोणती भाषा बोलायचे? गावात सण कोणाबरोबर साजरे व्हायचे? उत्तरं जशीच्या तशी लिहा, मधे बोलू नका, दुरुस्ती करू नका. मग दोघांनी मिळून ठरवा : यातलं काय त्यांनी स्वतः पाहिलं आणि काय ऐकलं? अल-मसूदीला लावलेली कसोटी इथे लावा.

पाचवा प्रश्न जरूर करा. त्यासाठी जोडीदाराच्या घरी जावं लागेल, चहा प्यावा लागेल. हा विषय तिथूनच शिकायला सुरुवात होते.